बर्फवाल्या काशिरामचा ओठ

पनवेलच्या कोळीवाड्यात काशिरामला न ओळखणारा माणूस भेटला, तर तो आजच भाड्यानं राहायला आला असं खुशाल समजावं. आणि त्याचीही ओळख दिवेलागणीपर्यंत होतेच, कारण काशिराम ट्रम्पेटचा सराव करतो तेव्हा खिडकी लावत नाही. शेजाऱ्यांनी एकदा हात जोडून पाहिले होते. त्यावर तो म्हणाला, "लोक सुपारी देऊन बोलवतात मना. तुमाला घरबसल्या ऐकाला मिलतंय, तर गप पडा." शेजारी गप पडले. आता तर एखाद्या संध्याकाळी आवाज आला नाही, की तेच दारात येऊन विचारतात, काय रे, बरं नाही का.

माणूस अंगानं आडवा, छाती भात्यासारखी, हात बर्फानं रापलेले. मिशी नाही. मिशीचा केस माउथपीसच्या मध्ये येतो, असं त्याचं म्हणणं. मिशी त्याला कधी धड आलीच नाही, असं त्याच्या बायकोचं, म्हणजे रंभाचं म्हणणं. खरं काय ते त्या दोघांना ठाऊक.

सकाळचा काशिराम वेगळा. तेव्हा तो बर्फवाला. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या टेम्पोत चढवायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं, काही लाद्या पनवेलच्या मासळी बाजारात उतरवायच्या आणि उरलेल्या घेऊन उरणचं मोरा बंदर गाठायचं. तिथं बोटवाले त्याची वाट बघत असतात. लवकर पोचला तर चहा मिळतो, उशीर झाला तर शिव्या. लादी ताब्यात घेताना तो तिच्यावर लोखंडी आकडा आपटतो आणि कान देतो. टण्ण वाजली तर पक्की. ठप्प वाजली तर आतून कच्ची, म्हणजे वरून दगड आणि पोटात पाणी. कच्ची लादी तो घेत नाही. "अजून राऊ दे तिला आत," असं म्हणून परत ढकलतो. या परीक्षेचा त्याला भारी गर्व. जगातल्या कुठल्याही गोठलेल्या वस्तूबद्दल आपल्याला विचारावं, असं त्याला मनापासून वाटतं.

ट्रम्पेट तो शिकला प्रभाकर मास्तरांकडे. मास्तर कोळीवाड्यातल्या बँडचे जुने म्होरके. काशिराम त्यांच्या ओसरीवर शिकायला गेला ट्रम्पेट आणि घेऊन आला त्यांची मुलगी. मास्तर आधी चिडले, मग म्हणाले, निदान सूर तरी धड लावतोस, दुसरा कोणी बेसुरा जावई आला असता तर मी काय केलं असतं. आणि रंभाच्या हळदीला त्यांनी स्वतः ट्रम्पेट हातात घेतलं. मास्तरांच्या घरातला तो रिवाजच होता. मुलीच्या हळदीला पहिली फुंक बापाची. बाप एकट्यानं देवीची चाल वाजवतो, तोवर सगळा मांडव उभा राहतो, चाल संपली की मुलीच्या गालाला हळद लागते आणि मग बाकीचा बँड तुटून पडतो. रंभाला आज विचारलं की तुझ्या लग्नात काय काय झालं, तर तिला जेवण आठवत नाही, नवऱ्याचा फेटा आठवत नाही. बापाची ती चाल मात्र ती अजून बाजारात मासे कापता कापता गुणगुणते.

म्हणून प्रांजलचं लग्न ठरलं तेव्हा घरात पहिली गोष्ट पक्की झाली ती हीच. प्रांजल ही काशिरामची एकुलती एक लेक, कामोठ्याला एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवते, आणि बापाशी तिचं सदा वाजतं. नवरा मुलगा धनेश, चिरनेरचा, स्वभावानं गरीब. त्याला बिचाऱ्याला अजून या घराची कल्पना नव्हती. हळद माघात ठरली. प्रांजल बापाला म्हणाली, "नीट वाजवाचा असंल तर बोला. नायतर मी डीजे सांगते."

"डीजे?" काशिराम ओरडला. "माज्या दारात डीजे वाजला तर मी त्याच्या पेटीत बर्फाची लादी टाकीन."

बापलेकीचं प्रेम असं चाललं होतं, आणि नेमकी तेव्हाच गाठ आली.

कारण म्हणाल तर अगदी फालतू. टेम्पो स्पीडब्रेकरवर आदळला आणि काशिरामचा दात खालच्या ओठात रुतला. रक्त आलं, थांबलं, तो विसरून गेला. काही दिवसांनी ओठाच्या आतल्या अंगाला वाटाण्याएवढी मऊ, निळसर गाठ उठली. दुखायची नाही. मधेच फुटायची, चिकट पाणी निघायचं, काशिराम खूश व्हायचा. आठवड्यात ती पुन्हा टच्च. आणि ती बसली होती नेमकी माउथपीस टेकतो तिथं. ट्रम्पेटवाल्याचं सगळं असतं ते ओठात. बटणं कोणीही दाबेल. ओठ किती आवळायचा, किती सोडायचा, यात सूर असतो. गाठीमुळे बाजूनं हवा सुटू लागली आणि ज्या काशिरामचा सूर जन्मात कधी फाटला नव्हता, त्याच्या ट्रम्पेटमधून सरावाच्या वेळी एक दिवस करडू ओरडावं तसा आवाज निघाला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा खिडकी लावली.

रंभानं त्याला उजेडात बसवलं आणि पापलेटचा कल्ला उघडून बघावा तसा त्याचा ओठ उलटून बघितला.

"अवो, ही गाठ कवाची? आनि मना कोन सांगनार?"

"आपसूक जाईल गो."

"आपसूक काय जातंय तुमच्या घरातून? तुमचा खटारा टेम्पो अजून गेला नाय आपसूक. चला विनिता मॅडमकरं."

विनिता डॉक्टर म्हणजे दातांच्या आणि तोंडाच्या आजारांच्या डॉक्टर. त्यांचा दवाखाना लाइन आळीच्या तोंडाशी आहे, आणि दर रविवारी त्या रंभाकडून बोंबील नेतात, त्यामुळे दोघींचं एकमेकींवर घारीसारखं लक्ष असतं. त्यांनी गाठ पाहिली, बोटानं दाबली आणि हसून म्हणाल्या, "घाबरू नका काका. वाईट काही नाही. आपल्या ओठात लाळेच्या बारीक बारीक ग्रंथी असतात, मोहरीच्या दाण्याएवढ्या. तुमचा दात लागून त्यातल्या एकीची नळी फुटली. आता ती लाळ बाहेर यायच्या ऐवजी आतच साचते. ती ग्रंथी आहे तोवर गाठ पुन्हा पुन्हा येणार."

"मंग कापून टाका."

"कापता येईल. पण तुम्ही ट्रम्पेट वाजवता ना? कापलं की टाका आला, टाक्याचा व्रण आला. ओठात कडक दोरा बसल्यासारखं लागेल. त्यापेक्षा मी म्हणते, गोठवून टाकू."

काशिराम खुर्चीत सावरून बसला. ही त्याची हद्द होती.

"मॅडम," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "माजा जन्म बर्फात गेला. बर्फात घातलेली वस्तू टिकते. मना ही गाठ टिकवाची नाय, घालवाची हाय."

रंभानं कपाळाला हात लावला. विनिता डॉक्टर मात्र मनापासून हसल्या. त्यांना असा रोगी रोज मिळत नाही.

"तुमचा बर्फ मासळीच्या बाहेर असतो, काका. माझा बर्फ गाठीच्या आत होतो. पाण्यानं काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये विसरलात तर काय होतं?"

"फुटते."

"तेच. पेशीतलं पाणी गोठलं की पेशी फुटते. आणि ओठातली सगळी माणसं सारख्या दमाची नसतात. ग्रंथी सगळ्यात नाजूक, ती आधी जाते. कातडीला रंग देणाऱ्या पेशीही लवकर मरतात, म्हणून कदाचित तिथं फिकट डाग राहील. पण ज्या तंतूंवर ओठ उभा आहे ते चिवट असतात, त्यांना गारठ्याचं काही वाटत नाही. म्हणजे घर तसंच उभं राहतं, फक्त भाडेकरू जातात. वर नवी कातडी येते, ती मऊच येते."

"आनि शुद्ध? म्हंजे ओठाला कलेल ना?"

"काही दिवस बधिर राहील. नसांचा आतला धागा गारठ्यानं मरतो, पण वरचं नळकांडं शाबूत असतं. त्यातून धागा पुन्हा वाढत येतो. वेळ लागतो, पण येतो."

काशिरामला हे सगळं पटलं असं नाही, पण त्यानं विचारलं की तुमचा बर्फ किती थंड, आणि डॉक्टरांनी सांगितलेला आकडा ऐकून त्याच्या डोळ्यांत जो आदर उमटला तो प्रभाकर मास्तरांनंतर कोणाच्याच वाट्याला आला नव्हता. शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे! आपला कारखाना म्हणजे पोरखेळ, असं तो पुढं आठवडाभर सगळ्यांना सांगत होता.

प्रत्यक्ष काम अगदीच थोडक्यात उरकलं. थर्मासमधून पांढरी वाफ निघाली, बारीक टोकाची एक सळी ओठाला टेकली, सुई टोचल्यागत झोंबलं आणि मग काहीच नाही. आरशात त्यानं पाहिलं, तर गाठीच्या जागी पांढराशुभ्र बर्फाचा मणी. डॉक्टरांनी तो सावकाश वितळू दिला आणि पुन्हा गोठवला. पटकन गोठवायचं, हळू वितळवायचं, परत गोठवायचं. त्यानं ग्रंथी पुरती मरते, असं त्या सांगत होत्या. काशिरामच्या तोंडात कापूस होता, तरी तो हातवारे करत काहीतरी सांगू लागला. रंभानं उलगडा केला, "वाजवून बगा बोलतात. पक्की झाली का कच्ची."

"पक्की झाली," डॉक्टर म्हणाल्या. "आता ऐका. आज ओठ सुजेल. उद्या फोड येईल. मग पांढरी साय धरेल आणि आपोआप गळून पडेल. हे सगळं व्हायलाच हवं. हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत फुंकायचं नाही."

आता एवढं स्पष्ट सांगितल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? घरी जाऊन गप पडावं. पण काशिराम शहाणा असता तर मी त्याची गोष्ट कशाला सांगत बसलो असतो!

संध्याकाळपर्यंत ओठ सुजला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आरशात पाहिलं तर गाठ होती त्याच्या दुप्पट फोड, आत पाणी डुचमळतंय. त्यानं नखानं हळूच टिचकी मारली. ठप्प. वरून ताणलेलं आणि पोटात पाणी! काशिरामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लादी आतून कच्ची राहिली. मॅडम हुशार खऱ्या, पण शेवटी बर्फाचं काम त्यांचं नव्हे. अजून थोडा वेळ आत ठेवायला हवी होती. परत जाऊन त्यांना तोंडावर असं म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून मोठ्या मनानं त्यानं ते काम स्वतःच पुरं करायचं ठरवलं.

नुसत्या बर्फानं भागणार नाही एवढं त्याला कळत होतं. पण कुल्फीवाला काय करतो? बर्फात खडामीठ घालतो, मग तोच बर्फ बोट लावू देत नाही. रंभा बाजारात गेली होती. काशिरामनं वाडग्यात बर्फ ठेचला, मूठभर खडामीठ कालवलं, फडक्यात बांधलं आणि खालच्या ओठावर दाबून, पंखा लावून, निवांत बसला. आधी झोंबलं, तेव्हा तो खूश झाला, कारण मॅडमकडेही झोंबलं होतं. मग काहीच कळेना, तेव्हा तो आणखी खूश झाला. वर एक डुलकीही काढली.

रंभा घरी आली तेव्हा मोरीत खारट पाण्याचं वाडगं होतं आणि नवरा खुर्चीत. अर्धा खालचा ओठ पांढराफटक आणि हनुवटीपर्यंत लालेलाल.

"यो काय केलाव?"

"पक्की केली," काशिराम म्हणाला. म्हणजे म्हणायला गेला. ओठ जाग्यावर नसल्यामुळे जे निघालं ते वेगळंच होतं.

विनिता डॉक्टरांनी त्या दिवशी बोंबिलांची ओळख बाजूला ठेवली. "अहो काका, जिथं गाठ होती तेवढंच मी गोठवलं होतं, मोजून. तुम्ही चांगला ओठ भाजून घेतलात! थंडीनंसुद्धा भाजतं माणूस. मिठाचा बर्फ धरून झोपलात? लहान मुलाला कोणी असं करू देईल का?" काशिराम मान खाली घालून ऐकत होता. रंभा शेजारी बसून प्रत्येक वाक्याला "सांगा, अजून सांगा" म्हणत होती. शेवटी डॉक्टरच थकल्या. मलम दिलं आणि म्हणाल्या, "कातडी भरून येईल. पण बधिरपणा आता मोठ्या जागेवर आहे. तो कधी जाईल ते मी नाही सांगू शकत. आठवडे, कदाचित महिने."

"हलद तोंडावर आली, मॅडम," काशिराम पुटपुटला.

"नसांना पत्रिका वाचता येत नाही, काका."

एवढा वेळ सगळी गंमत होती. घरी येताना काशिरामनं प्रत्येक स्पीडब्रेकरवर टेम्पो इतका सावकाश नेला, की रंभानंही त्याला बोलणं सोडून दिलं. त्याला डोळ्यांसमोर सासऱ्यांची ओसरी दिसत होती. हळदीला प्रांजल पाटावर बसेल, सगळा मांडव उभा राहील आणि पहिली फुंक मारायला बाप नसेल. तेही कशानं, तर मूठभर मिठानं. त्याला रडू येत होतं.

पुढं सगळं डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. साय धरली, गळाली. खाली गुलाबी, मऊ कातडी आली, गाठीचा मागमूस नाही, नुसता तांदळाएवढा फिकट डाग. बाहेरचं भाजलेलंही भरून आलं. दिसायला ओठ नवाकोरा. पण तो ओठ काशिरामचा नव्हता. चहा प्यायला की अर्धा शर्टावर. भाताचं शीत हनुवटीला लागलेलं असायचं आणि साहेबांना पत्ता नाही. डॉक्टरांनी फुंकायला परवानगी दिली, तेव्हा तो ट्रम्पेट घेऊन घरी न थांबता खाडीच्या कडेला गेला, आणि कुंदनला बरोबर नेलं. कुंदन बँडमधला दुसरा ट्रम्पेटवाला, दिवसा बंदरावर कामाला, काशिरामच्याच हाताखाली तयार झालेला. काशिरामनं माउथपीस ओठाला लावलं. लागलं की नाही, ते त्याला कळलंच नाही. फुंकलं. करडू ओरडलं. बगळे उडाले.

"दादा," कुंदन उडालेल्या बगळ्यांकडे बघत म्हणाला, "एक काम करू. मी मांडवाच्या मागं उभा ऱ्हातो, ताडपत्रीच्या आड. तू फुडं उभा राहून नुसता गाल फुगव. मी वाजवतो. चाल तूच शिकवलीस, कोनाला कलनार?"

काशिरामला ते मुळीच आवडलं नाही. पण बेसुऱ्या बापापेक्षा खोटा बाप बरा, असं त्यानं स्वतःला पटवलं. अभिमान असतो तिथं माणूस असलेच उद्योग करतो.

हळदीच्या संध्याकाळी दारात मांडव सजला होता. कोळीवाड्यातल्या बायका नऊवारी नेसून, केसांत आबोली माळून हजर. चिरनेरहून धनेशच्या बहिणी आल्या होत्या. विनिता डॉक्टरही आल्या होत्या. त्या कोपऱ्यात भजीची बशी घेऊन उभ्या होत्या आणि काशिरामच्या ओठाकडे लांबूनच कौतुकानं बघत होत्या, आपलं काम चांगलं झालं की माणूस बघतो तसं. प्रांजल पाटावर बसली. रंभानं हळदीची वाटी उचलली. काशिराम कडक इस्त्रीचा सदरा घालून पुढं आला, ट्रम्पेट तोंडाला लावलं, डोळे मिटले, गाल फुगवले.

देवीची चाल सुरू झाली. आणि काय सुरेख सुरू झाली! एक सूर हलला नाही. बायकांनी हात जोडले, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. काशिराम बटणं दाबत होता, कपाळाला आठ्या घालत होता, घाम पुसत होता. खरं वाजवताना त्याला एवढा घाम कधी येत नसे. चाल शेवटाला आली, शेवटचा सूर लागला आणि नेटका सुटला. रंभानं हळदीत बोट बुडवलं.

"थांब आई," प्रांजल म्हणाली.

रंभानं बोट वाटीतच ठेवून लेकीकडे पाहिलं.

"यो बाबांनी नाय वाजवला."

ताडपत्रीच्या मागून कोणीतरी खोकलं.

"अगो, समोर तर उभे हायेत," कोणी मावशी म्हणाली.

"बाबा शेवटचा सूर कवा सोडतात? दम संपला, डोलं बाहेर आलं, तरी सोडत नाय. लहानपनापासून ऐकते मी. यो सूर वेलेवर सुटला." प्रांजल पाटावरून उठली नव्हती, पण आवाज अख्ख्या आळीला जात होता. "कुंदनकाका, बाहेर या!"

कुंदन ताडपत्रीखालून बाहेर आला, ट्रम्पेट पाठीमागं लपवून. मांडवात हशा पिकला. काशिरामला वाटलं, ही जमीन आत घेईल तर बरं. तो लेकीजवळ गेला, वाकला, आणि हळू आवाजात बोलला, म्हणजे त्याच्या मते हळू. ते सगळ्यांनी ऐकलं.

"बाय गो, ओठ मेलाय माजा. लागतच नाय काय. मी वाजवला तर सूर फाटंल. तुज्या हलदीला फाटका सूर नको, म्हनून केला गो असा."

"फाटू दे."

"सगला कोलीवाडा ऐकतंय."

"मना तुमचा पायजे," प्रांजल म्हणाली, आणि आता तिचाही आवाज धड राहिला नव्हता. "दुसऱ्याचा चांगला नको. तुमचा फाटका चालंल."

काशिरामनं विनिता डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी भजी गिळली आणि म्हणाल्या, "ओठाला काही होणार नाही, काका. फुंका. सुरांचं मात्र मी काही सांगू शकत नाही."

मग काशिराम उभा राहिला. त्यानं बोटानं चाचपून माउथपीस ओठावर नीट बसवलं, कारण ओठ सांगत नव्हता कुठं बसलं ते. फुंकलं. करडू ओरडलं. पोरं खिदळली, धनेशची एक बहीण तोंडाला पदर लावून हसली. काशिरामचे कान तापले, पण त्यानं तोंड काढलं नाही. पुढचा सूर थोडा बरा लागला, त्याच्या पुढचा पुन्हा घसरला. आजवर तो ओठाच्या भरवशावर वाजवत होता. आता ओठ गप्प, तेव्हा तो नुसता ऐकत ऐकत, अंधारात पायरी शोधावी तसा, सूर शोधत चालला. एका वळणावर सूर पारच तुटला. तेव्हा रंभानं हातातली वाटी तशीच धरून बापाच्या त्या चालीचे शब्द उचलले. तिच्या मागं मावशी, मावशीच्या मागं सगळ्या बायका. जिथं ट्रम्पेट फाटत होतं तिथं त्या भरून काढत होत्या, जिथं ते नीट लागत होतं तिथं त्या आवाज खाली घेत होत्या. कोणी ठरवलं नव्हतं. हसणारी पोरंही टाळ्या धरू लागली, आणि कुंदन, तोंडाशी आलेलं ट्रम्पेट खाली ठेवून, डोळे पुसत उभा राहिला.

शेवटचा सूर आला. तो फाटका होता, घोगरा होता, आणि तो सुटेचना. काशिरामची मान लाल झाली, डोळे बाहेर आले, बायकांचा दम संपला, टाळ्या थांबल्या, तरी सूर चालूच. प्रांजल हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सूर संपला तो काशिराम खुर्चीला धरून वाकला तेव्हाच. मग जो कल्ला उठला तो खाडीपलीकडे गेला असेल. रंभानं लेकीच्या गालाला हळद लावली, बँडनं ताशा सुरू केला आणि मांडवात नाचायला जागा उरली नाही.

प्रांजल दोन्ही तळहात हळदीत बुडवून बापाकडे धावली. त्याच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीवर, सदऱ्यावर, जिथं जागा मिळेल तिथं तिनं हळद फासली. काशिराम हसत तोंड चुकवत होता. चुकवता चुकवता एकदम थांबला. हात उचलून त्यानं लेकीचं मनगट धरलं.

"काय झाला?" रंभा ताशाच्या वर ओरडली. "झोंबला काय?"

त्यानं जीभ फिरवून ओठ चाटला, पुन्हा थांबला.

"अवो, काय झाला?"

"हलद गार लागली," तो म्हणाला. "ओठाला. हितं, कडंला. थोडीशी."

प्रांजलनं हात मागं घेतला. त्यानं तो सोडला नाही, तसाच ओढून पुन्हा ओठाशी आणला.

"लाव गो बाय," काशिराम म्हणाला. "अजून लाव."